पहिलवानासमोर वाकायचं नाही

आमच्या शाहरिखान शहरात सोबिर उस्ता या लोहारानं घडवलेली सुरी कुणाला उसनी दिली तर परत येत नाही, इतकी ती चांगली. माणूस मात्र अबोल. आमच्या गल्लीत तो सलग चार वाक्यं बोलला असेल तर ती त्याच्या चकोराशी. बायको गेली त्या वसंतात डोंगराकडच्या कुणीतरी त्याला ते पिल्लू दिलं होतं. अंगरख्याच्या बाहीत ठेवून, आपल्या ओठांतून दाणा भरवून त्यानं ते वाढवलं आणि नाव ठेवलं पहिलवान. सहा वर्षांत त्या पक्ष्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही, याचा उस्ताला केवढा अभिमान! मी एकदा तोंडावर म्हटलं, याला अभिमान नाही, आप्पलपोटेपणा म्हणतात. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

मग घरात सून आली, झुलहुमोर. मुलगा ताश्कंदला नोकरीला, आठवड्यातून एकदा उगवणारा. म्हणजे घरात सासरा, सून आणि पहिलवान. नव्या सुनेनं चाळीस दिवस रोज सकाळी अंगणात यायचं, डोईवरच्या पांढऱ्या ओढणीची टोकं पुढे धरायची आणि तीनदा कमरेत वाकून थोरांना सलाम करायचा. ही रीत मला पटत नाही. महल्ल्याच्या सभेत उभी राहून मी तसं सांगितलंय आणि बोलणीही खाल्लीत. ती पोर मात्र मनापासून वाकायची. आणि वाकली रे वाकली की अंगणात मोकळा फिरणारा पहिलवान थेट तिच्या घोट्यावर. रक्त निघालं. दुसऱ्या दिवशी ती आणखी आदबीनं वाकली, तर त्यानं आणखी जोरात टोचलं.

नवव्या दिवशी तिनं मला सांगितलं की चाळीस दिवस भरले की ती माहेरी जाणार, आणि तो पक्षी घरात आहे तोवर परतणार नाही. उस्ताची थोरली बहीण रोबिया आपा तर निकाल लावूनच मोकळी झाली. पाखरानं सून नाकारली, हा अपशकुन. दोन आठवड्यांनी ती पिंजरा घेऊन येणार आणि पहिलवानाला पाखरांच्या बाजारात नेऊन विकणार. दोन दिवस उस्ताच्या भट्टीतून हातोड्याचा आवाज आला नाही.

तिसऱ्या सकाळी मी नानसाठी खमीर मागायला गेले. दार ढकललं आणि थिजलेच. द्राक्षवेलीखाली सोबिर उस्ता, डोक्यावर सुनेची ओढणी, पांढरी दाढी ओढणीतून बाहेर, कमरेत वाकून आपल्याच पक्ष्याला सलाम करतोय. पहिलवानानं त्याला कडकडून टोचलं. मग ओढणी तशीच ठेवून तो ताठ उभा राहिला. पक्षी शांत. ओढणी काढून पुन्हा वाकला. पुन्हा चोच.

मला पाहून तो म्हणाला, "हसायचं ते आत्ताच हसून घे. गल्लीला सांगू नकोस."

हसले नाही. त्याचा चेहराच तसा होता. नर चकोर झुंजायला उतरतो तो मान खाली घालूनच, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी सुनेचं वाकणं पक्ष्याला आव्हान वाटतंय, हे कळायला अकरा दिवस लागले त्याला. सुनेच्या सलामाकडे तो कधी नीट बघतच नव्हता, त्याची नजर पक्ष्यावर.

त्यानं सुनेचं वाकणं त्याच दिवशी बंद केलं. दुसरी गोष्ट त्याला जड गेली. त्यानं पहिलवानाला स्वतः भरवणं सोडलं. झुलहुमोर पुलावासाठी पिवळी गाजरं चिरायला बसायची. तिनं चार तुकडे बाजूला टाकायचे, पक्ष्याकडे पाहायचं नाही, हात लावायचा नाही. आणि उस्तानं तेवढा वेळ भट्टीच्या खोलीत जाऊन बसायचं. पहिले दोन दिवस पहिलवान भट्टीच्या दारावर चोच आपटत राहिला. आत उस्ता दाराला पाठ लावून बसायचा, मी खिडकीतून पाहिलंय. पाचव्या दिवशी पक्ष्यानं लांबचा तुकडा उचलला. दहाव्या दिवशी तळहातावरचा.

रोबिया आपा ठरल्या दिवशी रिकामा पिंजरा घेऊन आली. मीही जाऊन बसले; अशा वेळी मी घरी बसत नाही. झुलहुमोरनं सरळ उभं राहून, छातीवर हात ठेवून सलाम केला. पहिलवान तिच्या पायाशी गाजर शोधत होता.

"कंबर धरलीय का गं तुझी?" आपा म्हणाली.

पोरीचा चेहरा उतरला. सवयीनं ती वाकू लागली आणि खाली पक्ष्याची पिसं फुलली.

"सरळ उभी राहा, मुली," उस्ता म्हणाला. "सलाम पोचला. कुणाला पोचला नसेल तर त्यानं माझ्याशी बोलावं. आणि आपा, पिंजरा घरी घेऊन जा."

आपा चहा न घेता गेली. चाळीस दिवस भरल्यावर झुलहुमोर माहेरी गेली आणि तीन दिवसांत परतली, येताना पक्ष्यासाठी भांगेचं बी घेऊन.

मला वाटलं, एका घरातून तरी ही रीत गेली. तर परवा पाहते काय, पोरगी सकाळी भट्टीत शिरली, पहिलवानाच्या तोंडावर दार लावलं आणि आत सासऱ्यापुढे तीनदा वाकली. माझं डोकं फिरलं. बाहेर आल्यावर विचारलं, आता कशाला?

"आता कुणी सांगितलं नाही ना, म्हणून," ती म्हणाली आणि गाजरं चिरायला बसली.