दसऱ्याच्या रात्रीचं रेकॉर्डिंग

आमच्या पाड्यात घरावर कॅमेरा लावणारा मी पहिलाच. लोक हसले. कासाच्या बाजारात एकाने विचारलंसुद्धा, "काय रे, सोनं पुरलंय काय?" चोराने न्यावं असं आमच्याकडे काही नव्हतं. कॅमेरा होता वडिलांसाठी.

बाबांना दोन वर्षांपासून विसर पडू लागला होता. दिवसा ते ओटीवर बसून असत, रात्री उठून चालू लागत. दोनदा हायवेपर्यंत पोचले होते, वेवजीला दिलेल्या माझ्या बहिणीकडे जायला जीप शोधत. फाटकाला कुलूप घातलं तर तारेच्या कुंपणावरून चढले आणि पोटरी फाडून घेतली. तेव्हा मी कुलूप लावणं सोडलं आणि कॅमेरा आणला. फाटकाशी काही हललं की माझा मोबाईल वाजायचा, मी धावत जायचो आणि हात धरून त्यांना परत आणायचो.

सुरुवातीला मात्र रात्री त्या कॅमेऱ्यात काही म्हणजे काही दिसत नसे. नुसतं पांढरं धुकं आणि त्यात फाटकाचा काळपट डाग. मी तलासरीच्या कॅमेरेवाल्याला फोनवर वाट्टेल ते बोललो. डहाणूच्या कचेरीत इतकी वर्षं कारकुनी केली, समोरच्याची चूक काढायची सवय हाडात मुरली आहे. तो माझ्याहून लहान, शांत माणूस. दुसऱ्या दिवशी आला, शिडी लावली आणि वरूनच म्हणाला, "साहेब, ह्याचा उजेड आपल्याला दिसत नाय, पण ही बॅटरीच आहे असं समजा. बॅटरीपुढे हात धरला तर लांबचं दिसेल काय?" आमच्या चुन्याच्या भिंतीवरून आणि कोळ्याच्या जाळ्यावरून तो उजेड उलटा काचेवर येत होता. त्याने जाळं काढलं, कॅमेरा भिंतीपासून सुटा करून पत्र्याच्या कडेला आणला, काच मऊ फडक्याने पुसली. त्या रात्री मोबाईलवर फाटकाच्या पट्ट्या मोजता आल्या. माणूस फाटकातून डावीकडे हायवेला वळला की उजवीकडे शेताला, तेही स्पष्ट दिसू लागलं. जाताना त्याने बजावलं होतं, "काचेजवळ काय येऊ देऊ नका. बस, एवढंच." तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे विळा, कोयता, नांगर, आता मोटरसायकलसुद्धा, जे जे कामाला येतं त्या सगळ्याची पूजा होते. त्या दिवशी बाबा बरेच भानावर होते. विळ्याला हळद-कुंकू त्यांनी स्वतः लावलं. मग वर कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याला नाय घालायची माळ? तो पन रातभर जागतो ना?" आम्ही सगळे हसलो. कित्येक महिन्यांत ते असं नीट, जोडून बोलले नव्हते. मला इतका आनंद झाला की मी स्टुलावर चढलो आणि झेंडूची माळ कॅमेऱ्याला घातली. बाबांनी खालून हात जोडले.

रात्री मोबाईल वाजू लागला. पाहिलं तर पडद्यावर झेंडूची फुलं, मोठी, पांढरीफटक, आणि त्यांच्या मागे मिट्ट काळोख. वाऱ्याने माळ हलत होती आणि प्रत्येक हलण्याला फोन वाजत होता. काय झालंय ते मला लगेच कळलं. स्टूल ओटीवरच होतं. दसऱ्याची माळ त्याच रात्री कशी काढायची, सकाळी बघू, असं मनाशी म्हणालो आणि फोनचा आवाज बंद केला. खरं सांगायचं तर त्यात देवाधर्माचं काही नव्हतं, मला झोप आली होती.

पहाटे बाबांचं अंथरूण रिकामं होतं.

बायकोने आणि मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहिलं. फुलं हलतात, फुलं थांबतात, एकदा त्यांच्या मागून काहीतरी सरकतं आणि संपलं. डावीकडे की उजवीकडे, एवढंच हवं होतं. मी ते कॅमेरेवाल्याला पाठवलं, म्हटलं, उजळ कर, काहीही कर. त्याचा लगेच फोन आला. "साहेब, पुढे फुलं आहेत. जे उतरलंच नाय ते आता कुठून आणू?"

उजवीकडे बांधावर उभं राहून मी दोन हाका मारल्या. भात कमरेएवढं, कापणीला आलेलं. ओ आली नाही. आधी दोन्ही वेळा ते हायवेलाच गेले होते, म्हणून आम्ही सगळे डावीकडे गेलो. चारोटी नाक्यापासून तलासरीपर्यंत प्रत्येक ढाब्यावर, प्रत्येक जीपवाल्याला त्यांचा फोटो दाखवला. वेवजीला बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, आणि तिथेच फोन आला. कापणीला आलेल्या बायकांना बाबा आमच्याच शेतात सापडले होते. बांधाच्या पलीकडे घसरून पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं, हातात विळा. ते भात कापायला निघाले होते. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन फार वेळ झालेला नाही, सकाळी बराच वेळ जिवंत असणार. त्या वेळी मी कुठल्याशा ढाब्यावर फोटो दाखवत होतो.

दहाव्याला बहिणीने सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, कॅमेरा होता ना? मग बाबा कुठे गेले ते कसं नाय कळलं?"

मी म्हणालो, "भंगार निघाला तो. रात्रीचं काही दिसतच नाही त्यात."

कॅमेरेवाला त्या दिवशी भेटायला आला होता, दाराशीच उभा होता. बायको खाली मान घालून बसली. त्याने माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेला.

आता आमच्या भागात त्याला कोणी बोलावत नाही. त्याचे कॅमेरे रात्री आंधळे असतात, असं कासाच्या बाजारात लोक सांगतात, माझ्या वडिलांचा दाखला देऊन. माझ्यासमोरही सांगतात. मी मान हलवतो आणि भाजीची पिशवी उचलून घरी येतो.