ब्रायंडलचे किल्लीचे पाव

ज्यूंच्या वल्हांडण सणानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या जिन्यावरच्या बायका आपापल्या घराची जादा किल्ली ब्रायंडलकडे देऊन ठेवतात. ती किल्ल्या उकळत्या पाण्यातून काढते, कागदात गुंडाळते आणि शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला लागणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, वेणीच्या पावांत घालून भाजते. किल्ली पावात गेली की वर्षभराच्या पोटापाण्याचं दार उघडतं, असं तिची आई म्हणायची. आई हे पोलंडहून इस्राएलात, इथे बने ब्राकला, येताना घेऊन आली. त्याआधीचं कुणी विचारलं नव्हतं.

ब्रायंडल साठीची आहे. नवरा झान्वेल टोप्या दुरुस्त करतो. ती गॅस बंद केल्यावर परत येऊन बघणारी, मग झान्वेललाही बघायला पाठवणारी. सगळा जिना तिच्या हातचा पाव खातो, आणि त्याला धर्माच्या नियमाचा डाग नसावा याच काळजीवर ती जगते.

यंदा धाकट्या मुलीचं, टॉयबेचं लग्न झालं. जावई नोसन पाठशाळेत शिकतो. ग्रंथात आधार नसलेली गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नाही. बुधवारी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, यंदाही किल्ल्या घालणार?"

"मग काय खिळे घालू?"

तो हसला नाही. "ही चाल आपली नाही म्हणतात. परधर्मीय लोक त्यांच्या सणाला क्रुसाच्या आकाराची किल्ली पावात घालत, त्यांच्याकडून आली. तसं असेल तर आपल्या तोरा ग्रंथातच मनाई आहे. मला या घरचा पाव खाता येणार नाही."

"कोण म्हणतं?"

"पाठशाळेत सगळेच."

"आणि सगळ्यांच्या सासवा काय म्हणतात, जावईबापू?"

नोसन गेल्यावर ती स्टुलावर बसली. पीठ चाळायचं राहिलं. त्याचं खरं असेल, तर इतकी वर्षं तिने सगळ्या जिन्याला पाप भरवलं होतं. तो चुकत असेल आणि तिने चाल मोडली, तर जिन्याच्या पोटापाण्याचं दार तिच्या हाताने बंद व्हायचं. शिवाय नवरा जेवणार नाही तिथे टॉयबे बसणार नव्हती.

"रब्बींना विचारू या," ती म्हणाली.

"विचारलंस की उत्तर मिळेल," झान्वेल म्हणाला. "मग काय करशील?"

धर्मगुरू रब्बींनी शांतपणे ऐकलं. "पावात किल्ली घालताना काय म्हणतेस?"

"म्हणते, जगाच्या मालका, किल्ली तुझ्या हाती, दार उघड."

"मग त्यात दुसरा देव कुठे आला? दोनशे वर्षांमागच्या आपल्या हसिदी पंथाच्या ग्रंथांत ही चाल सापडते. त्यापूर्वी कुठून आली, मला माहीत नाही. क्रुसातून आली म्हणणाऱ्यांनाही माहीत नाही. पण हा कायदा नव्हे. घातली तर चालेल, नाही घातली तरी चालेल. जावयाला बिनकिल्लीचा पाव दे."

दुसऱ्या एखादीला हे पुरलं असतं. ब्रायंडल रात्रभर "मला माहीत नाही" हेच घोळवत राहिली. शुक्रवारी कणीक मळून झाली तेव्हाही तिचं डोकं नोसनच्या पावात होतं. किल्लीवाल्या पावाचा कागदसुद्धा त्याला लागू नये म्हणून तिने वेगळं ताट काढलं, वेगळा ब्रश काढला. दुपारपर्यंत बायका आपापले पाव घेऊन गेल्या. नोसनसाठीचा पाव फडक्याखाली झाकलेला होता.

शब्बाथ लागायच्या थोडं आधी ती ओटा पुसायला गेली. शेगडीवर जळक्या उंड्याची पुडी नव्हती. मळलेल्या कणकेतून एक उंडा देवाचा म्हणून काढायचा, त्यावर आशीर्वचन म्हणायचं, मग तो जाळायचा. ही चाल नव्हे, तोराची आज्ञा. ती न पाळलेला पाव या देशात खाता येत नाही, आणि एकदा शब्बाथ लागला की तो उंडा काढताही येत नाही.

"झान्वेल! मी उंडा काढलाच नाही!"

नोसन आणि टॉयबे नुकतेच आले होते. नोसनने लगेच विचारलं, "किती घरी गेलेत पाव?"

"सगळ्या जिन्यावर."

"भाजलेल्या पावाचा तुकडा मोडून काढला तरी चालतो. तुम्ही घरच्या पावांचा काढा, मग तळमजला घ्या. वरचे मजले मी बघतो."

ती तळमजल्याची दारं ठोकत गेली. वरून नोसनचा आवाज येत होता: "पाव आणा, तुकडा मोडा, आत्ताच! किल्ली असू दे आत, आधी तुकडा काढा!" तिसऱ्या मजल्यावरची शेवा ओरडली, "अगं ब्रायंडल, जावई आहे की अग्निशमन दल?"

शब्बाथ लागल्याचा भोंगा वाजला तेव्हा एकच दार बंद होतं. त्या घरची पेर्ल दुपारीच पाव घेऊन मुलीकडे जेरुसलेमला गेली होती. भोंग्यानंतर फोनला हात लावायचा नव्हता.

टेबलावर नोसनने आपल्या पावाचा तुकडा मिठात बुडवून खाल्ला. मग दुसरा घेतला. "चांगला झालाय, आई."

ब्रायंडलने आपल्यापुरता घास घेतला.

"पेर्लला काही माहीत नाही," नोसन हळू म्हणाला. "तिला दोष लागत नाही."

"आत्ता त्या जेवायला बसल्या असतील," ती म्हणाली.