विझवलेली गाडी

त्या उन्हाळ्यात माझ्या गॅरेजला काम असं नव्हतंच. पाटोद्याच्या बाजारात गर्दी व्हायची, पण ती जनावरं विकायला आलेल्यांची. शेतं पडून, ट्रॅक्टर दारात उभे. उभी गाडी बिघडणार कशाला? टँकरवाल्यांचे क्लच आणि पंक्चर, एवढ्यावर माझं घर चालायचं. अशात एका दुपारी साखर कारखान्याच्या चेअरमनचा धाकटा मुलगा त्याची लाल गाडी घेऊन आला.

गाडी बुटकी, रुंद टायरांची, पळायलाच बनवलेली. बऱ्या पावसाच्या सालात त्यानं ती हौसेनं पुण्याहून आणली होती. दारात येऊन त्यानं ब्रेक दाबला आणि पत्र्यावर खिळा ओढावा तशी किंकाळी निघाली. समोरच्या हॉटेलातली माणसं बशी हातात घेऊन बाहेर आली. तो मान खाली घालूनच उतरला.

"भाई, कावून वरडती ही एवढी?"

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. पण आता रोज छावणीवर जावं लागतंय. घरची जीप चारा वाहायला लावलीय, म्हणून हीच न्यावी लागती. ब्रेक लागला की बैल दावं तोडाया बघतात. माणसं काई बोलत न्हाईत, नुसती बघतात." बापाचं सांगताना त्यानं आवाज बारीक केला. "आण्णा म्हणले, ही गाडी आपली अब्रू चव्हाट्यावर वरडून सांगती. आवाज तेवढा बंद करा, भाई."

कारखान्यानं लिंबागणेशच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली होती. माझ्या ओळखीची कितीतरी घरं गाव सोडून तिथं पालात राहत होती.

चाक काढलं तर आतून सगळं काळंकुट्ट. कुणीतरी शर्यतीच्या गाडीचे कडक ब्रेकपॅड बसवले होते. असले पॅड चांगले तापले तरच गप्प बसतात. आपल्या रस्त्यावरच्या हळू चालीत थंडच राहतात, ओरडतात आणि काजळीसारखा भुगा सांडतात. त्यात आमचा फुफाटा. मी पुण्याहून मऊ पॅड मागवले. पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅडच्या पाठीला आवाज मारणारी पेस्ट लावली, पॅड जिला धरतात त्या लोखंडी डिस्कवरून पॉलिशपेपर फिरवला. चाकं धुवायला पाणी मागायची मला हिंमत झाली नाही. पेट्रोलच्या फडक्यानं पुसून काढली.

नवे पॅड डिस्कवर घासून बसवावे लागतात. गाडी पळवायची, जोरात ब्रेक मारायचा, पूर्ण थांबू द्यायचं नाही, परत पळवायची. असं पुष्कळदा. मग ब्रेक न लावता लांबपर्यंत चालवून थंड होऊ द्यायचं. त्याला मोकळा, सपाट रस्ता हवा, आणि तसा रस्ता छावणीसमोरचाच होता.

मी चालवत होतो, तो शेजारी बसला होता. आवाज पार गेला होता. चार-सहा फेऱ्यांनी पॅड जळल्याचा वास आला, पुढच्या चाकांतून धूर निघाला. नव्या पॅडचं तसं होतंच. "आता झालं," मी म्हणालो, आणि गाडी थंड करायला सरळ निघणार, तोच एक बाई रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. दोन्ही हात हलवत होती. मला थांबावंच लागलं.

"उतरा रं लेकरांनो! पेटलीय गाडी तुमची!"

आम्ही दार उघडेपर्यंत ती पालाकडं पळत गेली आणि काखेत हंडा घेऊन आली. मी "मावशी, नको!" म्हणालो असेन, पण तिनं हंडा चाकावर रिता केला होता. चर्र झालं, पांढरी वाफ उठली. तापल्या डिस्कवर पाणी टाकायचं नसतं, ती वाकते. पण मला तेव्हा डिस्क दिसत नव्हती. डांबरावरून रस्त्याकडेच्या मातीत जाणारं पाणी दिसत होतं.

मागून एक म्हातारा अर्धी घागर घेऊन दुसऱ्या चाकाकडं निघाला. मी आडवा झालो.

"थांबा बाबा, विझली! विझली आता!"

विझायला काही पेटलंच नव्हतं. हे मी बोललो नाही, चेअरमनचा मुलगाही बोलला नाही. बाई धापा टाकत होती, आणि लोक तिला शाबासकी देत होते. एकजण म्हणाला, "येळेवर धावली बया, न्हाईतर दोघं जळालेच असते." तिच्या नवऱ्यानं रिकामा हंडा उचलला, आत डोकावला आणि पालात नेऊन ठेवला. टँकर सकाळीच येऊन गेला होता.

वर आम्हाला चहाला बसवलं. "घाबरलाव तुमी," ती म्हणाली. शेजारच्या पालातून तांब्याभर पाणी मागून आणून तिनं कोरा चहा केला. मी नको नको म्हणत होतो, पण का नको ते सांगता येत नव्हतं. कप तोंडाला लावला तेव्हा माझी मान वर होईना. शेजारी तो पोरगा कपाकडं बघत बसला होता. कारखाना त्याच्या बापाचा, छावणी कारखान्याची, आणि चहा ह्या बाईचा.

परतताना गाडी मुकी होती. पण ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचं. डिस्क वाकली होती.

"बदलावी लागेल," मी म्हणालो.

"राहू द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पाण्याचे कॅन मागच्या सीटवर रचून आला आणि म्हणाला, चला. मला जायचं नव्हतं, तरी गेलो. बाई कडब्याची पेंढी सोडत होती. आम्हाला बघून हसली.

"बरी हाय का गाडी?"

"बरी हाय. मावशी, हे पाणी तुमच्यासाठी," तो म्हणाला.

तिनं कॅनकडं पाहिलं, मग आजूबाजूच्या पालांकडं. "मला एकलीला कावून? तिकडं टाकीत वता. समदे घेतील."

आम्ही दोघांनी कॅन वाहून टाकीत ओतले. तेवढ्यानं टाकीचा तळसुद्धा नीट झाकला नाही. बायका भांडी घेऊन आल्या, रांग लागली. ती बाई रांगेत सगळ्यांच्या मागं उभी राहिली, आणि तिच्यापर्यंत पोचायच्या आत पाणी संपलं. ती आमच्याकडं बघून नुसती हात हलवून "असू द्या" म्हणाली आणि पेंढी सोडायला परत गेली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी हसवायला सांगतोय. मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं हसू आवरलं.