नानांच्या फोनचा ताबा

शेजारच्या नानांचा हात थरथरतो. फोनमध्ये कंपनीनेच भरून दिलेल्या ॲप्सच्या जाहिराती मध्येच उघडतात, बोट त्यांच्यावर पडतं आणि परदेशातल्या लेकीचा कॉल हुकतो. काल मी त्यांना मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले.

“रूट केला, की फोनचा पूर्ण ताबा तुमच्याकडे. ही ॲप्स काढून टाकता येतील,” तो म्हणाला. “पण वॉरंटी जाईल, काका. बँकेचं ॲपही बहुधा चालणार नाही.”

नाना फोन दोन्ही हातांत धरून उलटसुलट करून बघत राहिले. विकत घेतलेली वस्तूसुद्धा खरोखर आपली व्हायला काहीतरी सोडावं लागतं, असं त्यांच्याकडे बघताना वाटून गेलं.

“करून टाका,” शेवटी ते म्हणाले. “बँकेत मी चालत जाईन. लेकीकडे चालत जाता येत नाही.”