अंगठ्याची नवी दोरी

भोसरीत गुडघ्याच्या व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायचो, तेव्हा समोरच्या टेबलावर एक काका उजवा पंजा ठेवून बसलेले असत. ते चाकणच्या एका कंपनीत क्रेनला इशारे देत. तिथल्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. यांनी अंगठा वर केला की क्रेनवाला माल उचलतो.

त्यांचं मनगट मोडलं आणि जुळलंही. पण प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी शर्टाचं बटण लावताना अंगठा लुळा पडला. अंगठा उचलणारी आतली दोरी, म्हणजे कंडरा, हाडावर घासून तुटली होती. तर्जनीला दोन दोऱ्या असतात. डॉक्टरांनी त्यातली एक अंगठ्याला जोडली.

"आता अंगठ्याला सांगून उपयोग न्हाई, भाऊ," ते म्हणाले. "बोटाला म्हणायचं ऊठ, मग अंगठा उठतो."

रोज ते तर्जनीकडे रोखून बघत. अंगठा जेमतेम हलायचा.

परवा ते रस्त्यापलीकडे कंपनीच्या बसमध्ये चढताना दिसले. "कामावर का?" मी ओरडलो. गाड्यांच्या आवाजात त्यांचं उत्तर ऐकू आलं नाही. मग त्यांनी, हाताकडे न बघताच, अंगठा वर केला.