नावापुरतं सोलर

पट्टा उन्हानं पांढरा पडला होता. घड्याळ मात्र बंदच होतं.

"दादा, आजून किती ऊन दावू ह्याला?" उज्ज्वलाताईंनी ते काउंटरवर ठेवलं. "पत्र्यावर ठिवलं, खिडकीत ठिवलं. आता काय गॅसवर ठिवू?"

शिरूरला माझं घड्याळांचं दुकान आहे. काम शिकलो दौंडला, मामांच्या हाताखाली. विक्री करतो, दुरुस्तीही करतो. उज्ज्वलाताई साळवे कारेगावला राहतात आणि रांजणगावच्या एका वायरिंगच्या कंपनीत लाइन लीडर आहेत. म्हणजे एका लाइनवरच्या मुलींकडून काम करून घ्यायचं आणि तासातासाला प्रॉडक्शन सांगायचं. आत मोबाइल नेऊ देत नाहीत. त्यामुळं मनगटावरचं घड्याळ ही तिथं हौस नसते. ते अवजार असतं.

कंपनीनं चांगल्या कामाबद्दल काही जणांना सोलर घड्याळं दिली होती. सेल बदलायची कटकट नाही, असं स्टेजवरून सांगितलं होतं. काही महिन्यांत ताईंचं बंद पडलं. त्यांनी एचआरला कळवलं. तर तिथले मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "सोलर आहे ते. पापडासारखं उन्हात घालायचं असतं. तुम्ही कपाटात जपून ठेवलं असेल."

सगळे हसले म्हणे.

"हसू द्या," ताई म्हणाल्या. "पर सुपरवायजरच्या मुलाखतीत बी त्येच काढलं. म्हणले, साधं घड्याळ सांभाळता येत न्हाई, लाइनी काय सांभाळणार? माझं नाव मागं ठिवलं."

मी घड्याळ हातात घेतलं. आधी सोलर म्हणजे काय ते सांगतो. अशा घड्याळाची डायल थोडा प्रकाश आत सोडणारी असते. तिच्या खाली सोलरची चकती असते. प्रकाश त्या चकतीवर पडतो, त्यातून आतला सेल चार्ज होतो. हा सेल वेगळा असतो, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा. त्याला कडक ऊन लागतच नाही. ट्यूबलाइटखालीही तो चार्ज होतो, फक्त हळू. एकदा नीट भरला की कपाटात ठेवलं तरी घड्याळ महिनोन्‌महिने चालतं. म्हणजे साहेबांचा विनोदच मुळात चुकीचा होता.

मी मागचं झाकण काढलं आणि डोकं फिरलं.

आत साधा बटन सेल होता. गाडीच्या रिमोट चावीत घालतात तसला. डायलखाली चकती नव्हती, काही नव्हतं. डायलवर बारीक रेघांची डिझाइन छापलेली आणि खाली इंग्रजीत 'सोलर'. शुद्ध फसवणूक. सेल संपला, घड्याळ बंद. त्याला उन्हात ठेवलं काय आणि हौदात टाकलं काय, सारखंच.

"ताई, तुमची काही चूक नाही," मी म्हणालो. "हे सोलर नाहीच."

त्यांनी उघडं घड्याळ जवळ ओढून आत पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् साहेबाचं कसं चालतंय? त्यांच्या हातात बी हेच हाय. रोज दावत्यात, माझं बघा, एकदा बी बंद पडलं न्हाई."

हे मला उलगडेना. मी म्हणालो, "तुमच्या साहेबांना भेटायला येऊ का?"

"याच तुम्ही."

दोन दिवसांनी मी हत्यारांची पिशवी घेऊन कंपनीत गेलो. ताईंनी लाइनवरच्या आणखी दोघींची बंद घड्याळं आणली होती. त्या दोघी आजवर बोलल्या नव्हत्या. बोलून काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

मॅनेजरसाहेबांनी मला बसा म्हटलं. ताईंना म्हटलं नाही. मी बसलो नाही.

"हे बघा," ते मला म्हणाले, "ही टेक्निकल गोष्ट आहे. या लोकांना हँडलिंग समजत नाही."

मी टेबलावर कागद पसरला आणि तिन्ही घड्याळं उघडली. तिन्हींत साधे सेल. साहेब म्हणाले, "असेल, पण माझं तर व्यवस्थित चालतंय. सेम मॉडेल आहे."

"द्या की, तेही बघू."

त्यांनी ऐटीत काढून दिलं. वरून चारही घड्याळं सारखी. मी साहेबांचं झाकण काढलं. आत चार्ज होणारा सेल, डायलखाली चकती. अस्सल सोलर.

"साहेब, हे तुम्हाला कधी मिळालं?"

"सप्लायरनं सॅम्पल म्हणून आणलं होतं." एवढं बोलून ते थांबले.

म्हणजे खरा नग दाखवायला आणि खोटा माल वाटायला. सॅम्पल साहेबांच्या मनगटावर राहिलं. बाकीचा माल कुणी तपासलाच नाही. आणि तो बंद पडल्यावर दोष कुणाचा, तर वापरणाऱ्या बाईचा!

उज्ज्वलाताई शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी घड्याळ तुमाला आन् पापड आमाला?"

साहेबांचा चेहरा उतरला. "आपण हे इंटरनली सॉल्व्ह करू. तुम्हाला नवीन पीस देतो ना."

"नवीन नको. माझी मुलाखत परत घ्या. आन् मीटिंगमधी जे बोलला, ते मीटिंगमधीच मागं घ्या."

मी तिथं नसतो तर त्यांनी ताईंना बाहेर काढलं असतं, असं मला आजही वाटतं. उघडी घड्याळं समोर होती म्हणून त्यांनी ऐकून घेतलं.

सगळी घड्याळं सप्लायरला परत गेली. मुलाखत पुन्हा झाली, या वेळी प्लांट हेड स्वतः बसले होते. ताई सुपरवायझर झाल्या. मीटिंगमध्ये मात्र साहेब एवढंच म्हणाले, "सप्लायरकडून मिस्टेक झाली." ताईंचं नाव नाही, माफीचा शब्द नाही. चारचौघांत अपमान करायला त्यांना जीभ होती. माफी मागायला नव्हती. हे आठवलं की अजून संताप होतो.

ताईंनी पुढं माझ्याकडूनच घड्याळ घेतलं, स्वतःच्या पसंतीनं. त्यांना सोलरच हवं होतं. आकडे ठळक, सेकंदकाटा स्पष्ट, वजन हलकं. पट्टा रबरी, कारण मशिनीजवळ धातूचा चालत नाही. मी सांगितलं, बाहीखाली सतत झाकू नका आणि तापल्या पत्र्यावर तर ठेवूच नका, उष्णतेनं सेल खराब होतो. चार्ज कमी झाला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो, तेवढं बघा. हा सेलही जन्मभर टिकत नाही, बऱ्याच वर्षांनी बदलावा लागतो, तेही सांगितलं.

त्यांनी पैसे देण्याआधी मला झाकण उघडायला लावलं. मी उघडून दाखवलं. मला त्याचा राग आला नाही.

सोलर घड्याळ घ्यायचं असेल तर तुम्हीही असंच करा. जो नग घरी न्यायचा, तोच उघडून दाखवायला सांगा. दुकानदार कां-कू करायला लागला, तर दुसरं दुकान बघा.