माशांचं शिळं पाणी

आमचे मामंजी कधी चालत घरात आले नाहीत, धावतच आले. अंबरनाथला कारखान्यात मोठे हुद्देदार. पण घरी कढीलिंबाला पालवी फुटली तरी सगळ्यांना हाका मारून अंगणात बोलावणार. सासूबाई म्हणायच्या, "यांना आनंदाचे झटके येतात, सूनबाई. सवय करून घे."

सगळ्यांत मोठा झटका गोल्डफिशचा. बैठकीत काचेची पेटी, तिच्यात मासे. विहिरीच्या पाण्यात सुखानं नांदत होते बिचारे. मग कॉलनीत नळ आला, नळाच्या पाण्यातून जंतू मारायची पावडर आली, नि मासे पटापट मेले. एकदा नव्हे, दोनदा! दुसऱ्या वेळी मामंजी जेवलेसुद्धा नाहीत. तिसरी जोडी आणली तेव्हा म्हणाले, "हे गेले तर पेटी भंगारात. जीव मारायचा छंद नको मला."

पण पाण्यातली ती पावडर घालवायची कशी? कुणी म्हणे उकळा, कुणी म्हणे उघडं ठेवून शिळं करा. कारखान्यातल्या केमिस्टनं सांगितलं, फोटो धुवायचा हायपो घाला. झालं! आम्हा सासूसुनांना टांग्यात घालून स्वारी उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या सिंधी फोटोवाल्याकडे. त्यानं तयार बाटली पुढे केली. "साईं, ये लो, घोलने का झंझट नहीं."

मामंजींनी बूच काढून हुंगलं. "छे छे, इसमें ॲसिड है! खाली खडा हायपो दो. मछली के लिए मंगता."

"मछली का फोटो निकालेंगे?" फोटोवाला पोट धरून हसला. परतताना मामंजी टांगेवाल्यालाही हायपोचे गुण सांगत होते.

घरी आल्यावर मात्र धीर होईना. जिवंत माशांवर प्रयोग? पुडी फळीवर गेली, नि पडवीत घंगाळभर पाणी शिळं होत राहिलं.

एका रविवारी मामंजींनी पेटीतलं निम्मं पाणी काढून घंगाळातलं ओतलं, आणि मासे तोंड वर काढून तडफडायला लागले.

"अगं, हे पाणी कधीचं?"

"आत्ताचं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "शिळं दिलं ओतून, घंगाळ घासलं, ताजं भरलं. मुक्या जिवांना शिळं कसं द्यायचं?" मग त्यांच्या लक्षात आलं, नि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी नवी सून. कपबशी फुटली तरी आता बोलणी बसणार असं वाटायचं, मोठ्यानं बोलायचीही चोरी. आता काय होणार, देवा! मामंजींनी पुडी फोडली, तुरीच्या दाण्याएवढे दोन खडे विरघळवून पेटीत सोडले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. एका जागी! मामंजी! बऱ्याच वेळानं एक मासा खाली गेला. मग दुसरा, चक्क शेपूट हलवत.

"जगले! जगले!" मामंजी सासूबाईंचे दोन्ही हात धरून नाचायलाच लागले. "अगं, मला धीर होत नव्हता. तू ताजं भरलंस म्हणून तर औषध खरं ठरलं!" सासूबाई रडत होत्या नि हसतही होत्या.

मामंजी जाऊन आता कैक वर्षं झाली. पण मासे जगले त्या रविवारी सकाळी, चुकीवर या घरात कुणी रागवत नाही हे बघून, मी पदर खोचून स्वयंपाकघरात गेले आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं गाणं म्हटलं.